हवेतले बांध राखणाऱ्या निमगावकर मॅडम

गाडी थांबवायची असली की निमगावकर मॅडम नुसता हात वर करायच्या. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचो. मग एसी बंद, माझा मोबाइल बंद. काच खाली करून त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ऐकू या." समोर कपाशीचं रान असायचं, नाहीतर एखाद्या गावाची पाणंद. मला होल्याचा आवाज यायचा, लांब कुठं ट्रॅक्टर चाललेला असायचा, बाकी काही नाही. मॅडमच्या मांडीवरचं यंत्र ज्या लहरी पकडायचं त्यांना ना आवाज, ना वास. एकदा धीर करून मी विचारलंच, "मॅडम, यंत्राला शांतता लागते का?" डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "यंत्राला नाही लागत. मला लागते."

त्या सरकारच्या वायरलेस तपासणीच्या खात्यात होत्या. मोबाइल, टीव्ही, पोलिसांचे संच, विमानं, असं जे जे हवेतून बोलतं त्या प्रत्येकाला सरकारनं हवेत एकेक पट्टा आखून दिलेला असतो. दुसऱ्याच्या पट्ट्यात कुणी घुसला, मुद्दाम म्हणा की न कळता म्हणा, तर त्याला हुडकून काढायचं हे त्यांचं काम. नवीन फाइव्ह-जी आल्यापासून तक्रारी फार वाढल्या होत्या. जालना जिल्ह्यात त्यांचा दौरा लागला की विश्रामगृहावर उतरायच्या आणि ठेकेदाराकडून माझी गाडी लागायची.

मी गोंदियाकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. भंगाराच्या ट्रकवर क्लीनर होऊन जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत येत राहिलो, पुढं स्टिअरिंग हाती आलं आणि इथंच राहिलो. भात खाणारा माणूस भाकरीवर आला. इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि आज आहे ते काम उद्या राहील का, ही काळजी कधीच सुटली नाही. साहेब लोकांच्या गाडीवर तर जास्तच. आरशातून मागं बघायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी शिकून घेतलं होतं. पहिल्या दिवशी मॅडम विश्रामगृहाच्या पायऱ्या उतरून आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पत्र्याची पेटी. "तुमचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मी वळून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"देवराम," मी म्हणालो.

"देवराम, पेटी मीच ठेवते. आत नाजूक सामान आहे. तुम्ही सावकाश चालवा."

त्या शेवटपर्यंत मला अहो-जाहोच करत राहिल्या. ज्याला कुणी कधी असं बोलवलं नाही त्यालाच कळेल, त्या 'तुम्ही'मुळे माणूस पाठ ताठ करून कसा बसतो.

पेटीतून त्या एक अँटेना काढायच्या. मधे एक दांडी आणि तिला दोन्ही बाजूंनी काड्या, खाऊन झालेल्या माशाच्या काट्यासारखी. ती हातात धरून त्या गल्लीतून चालल्या की माणसं कामं सोडून मागं यायची. परतूरच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्यांना हटकलं. "बाई, दूरदर्शन परत चालू झालं का? आमच्या माळ्यावर हाय तसली. द्यायची का आणून?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. "राहू द्या आजोबा, चालू झालं की पहिलं तुम्हाला सांगते."

त्या दिवशी परतूरला एका कापसाच्या जिनिंगमधे गेलो होतो. मालकानं ऑनलाइन मागवलेले वॉकीटॉकी हमालांच्या कमरेला लावले होते आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी पट्ट्यात बोलत होते. मालक मोठा लाघवी. "मॅडम, अगोदर चहा, मग काय ते बघू. आपल्याकडं पाहुण्याला असं उभं ठेवत नाहीत." मॅडम म्हणाल्या, "आधी पंचनामा, मग चहा. उलटं केलं की चहा कडू लागतो." पंचनामा झाला, संच पेटीत बंद झाले, मालकाचं तोंड उतरलं. मग मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "हां, आता सांगा चहा. साखर नेहमीसारखी." आणि त्याच माणसाबरोबर त्याच्या मुलीच्या शिक्षणाविषयी अर्धा तास बोलल्या. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "मनानं वाईट नाही तो. हवा रिकामी दिसते ना, म्हणून वाटतं कुणाची नाही."

जेवायला त्या मला समोर बसवायच्या. पहिल्यांदा मी डबा घेऊन गाडीमागं गेलो, तर हाक मारून बोलावलं. पण त्यांचा स्वतःचा डबा म्हणजे रोज तेच, दोन पोळ्या आणि विश्रामगृहाच्या खानसाम्यानं दिलेलं काहीतरी. खायच्या म्हणून खायच्या. एकदा मी विचारलं, "मॅडम, घरी कोण कोण असतं?" त्या म्हणाल्या, "घरी फ्रिज असतो. मधूनमधून बोलतो तो." मी हसलो, आणि हसायला नको होतं हे लगेच कळलं. लग्न केलं नव्हतं. आईवडील होते तोवर त्यांचं केलं, ते गेले. एक भाऊ होता, त्याच्याशी फारसं नव्हतं. एवढंच मला चार वर्षांत समजलं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

त्या कमी बोलायच्या, पण बघायच्या फार. माझा फोन वाजला की माझी मूठ स्टिअरिंगवर आवळते, हे त्यांनी हेरलं होतं. गावाकडं माय एकटी. तिचा फोन शेजाऱ्याकडून यायचा आणि दर वेळी मला वाटायचं, आता काहीतरी वाईट ऐकायचं. म्हणून मी आपणहून फोन करतच नव्हतो. जाफराबादच्या रस्त्याला मॅडमनी एकदा हात वर केला. मी गाडी थांबवली, मोबाइल बंद करायला घेतला, तर म्हणाल्या, "आज बंद नका करू. आईला लावा."

"काय बोलू मॅडम? काही झालं नाही."

"तेच सांगा. काही झालं नाही म्हणून. वाईट बातमीला रेंज लागत नाही देवराम, ती कशीही पोचते. रेंज लागते ती असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींना."

त्या उतरून बांधावर जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. मी मायला सांगितलं की मी कुठल्यातरी रानात उभा आहे, ऊन आहे, जेवलो आहे. माय म्हणाली, "बस?" आणि मग बराच वेळ शेळीविषयी बोलत राहिली. तेव्हापासून दौऱ्यात रोज कुठंतरी गाडी थांबायची आणि मॅडम पाठ करून उभ्या राहायच्या. त्यांच्या स्वतःच्या फोनवर मात्र मी कधी त्यांना असं बोलताना ऐकलं नाही.

आता एका गावाचं सांगतो. हसनाबादहून आत, टेकड्यांच्या मधे ते गाव आहे. टॉवर गावातच, शाळेच्या मागं. सगळ्यांच्या मोबाइलला पूर्ण दांड्या, आणि फोन मात्र कुणाचाच लागत नाही. कंपनीची माणसं चारदा येऊन टॉवर तपासून गेली, टॉवर ठणठणीत. शेवटी प्रकरण मॅडमकडं आलं. पारावर गाडी थांबवली तशी माणसं जमली. उत्तमराव म्हणून तिथले किराणा दुकानदार होते, बोलायला सगळ्यांच्या पुढं.

"मॅडम, आता येऊन काय उपेग? फोन लागंल पाच वाजता."

"पाचला काय होतं?"

"लाइट जाती ना. लाइट गेली की फोन लागतो. आमच्या गावाचं तसंच हाय."

"परत सांगा," मॅडम म्हणाल्या.

"आता यात परत काय सांगायचं? लाइटच्या तारा रेंज ओढून घेत्यात. लाइट गेली की मोकळी व्हती. पोरांना आम्ही सांगूनच ठेवलंय, लोडशेडिंगला फोन करत जा म्हणून."

गावातली आशाताई पुढं आली. म्हणाली, "मॅडम, हसू नका. मागं रमाच्या बाळंतपणाला लाइट होती. गाडीसाठी फोन लागंना. मोटारसायकलवर तलावाच्या पाळूवर जाऊन लावला तवा ॲम्ब्युलन्स आली. त्या दिवशी तिचं नशीब म्हणून."

मॅडम हसल्या नव्हत्याच. त्यांनी हात वर केला. सगळा पार गप्प झाला, का ते कुणालाच कळलं नाही, पण झाला. त्यांनी यंत्र लावलं, माशाचा काटा हळूहळू चौफेर फिरवला. डोळे उघडले तेव्हा म्हणाल्या, "रेंजची मशीन किती घरांत आहे?"

उत्तमराव धोतराचा सोगा झटकायला लागले.

झालं होतं असं. एकानं जालन्याच्या बाजारातून रेंज वाढवायची मशीन आणली, बूस्टर. छपरावर छोटी अँटेना, घरात डबी. त्याच्या मोबाइलच्या दांड्या भरल्या. पण ती मशीन टॉवरच्याच पट्ट्यात ओरडत राहते, त्यामुळं शेजाऱ्याचा फोन तुटायला लागला. म्हणून शेजाऱ्यानं मशीन आणली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. घरोघरच्या मशीन एकदम ओरडायला लागल्यावर टॉवरला कुणाचंच ऐकू येईना. लाइट गेली की मशीन बंद पडायच्या, टॉवर मात्र बॅटरीवर चालू. म्हणून तेवढाच वेळ गाव बोलायचं.

"परवान्याशिवाय ही मशीन बाळगणं गुन्हा आहे," मॅडम म्हणाल्या.

"हवेचा कायचा गुन्हा? हवा कवा विकली सरकारनं? आमाला तर कुणी इचारलं न्हाई."

"हवा विकली नाही उत्तमराव. शिवाराचे जसे गट पाडलेत तसे तिचे पट्टे पाडलेत आणि वापरायला दिलेत."

"मंग त्यात गरिबाचा गट कोणता?"

"तुमच्या पोराच्या घरी वायफाय असेल ना, तो पट्टा. ते गायरान आहे. परवाना लागत नाही, कुणीही जनावर सोडावं. पण दुसऱ्याची म्हैस आडवी आली तर माझ्याकडं तक्रार आणायची नाही. टॉवरचा पट्टा तसा नाही, तो नावावरचा आहे. त्यात तुम्ही मशीन लावली म्हणजे बांध कोरला. एकानं कोरला म्हणून दुसऱ्यानं कोरला. आता बांधच राहिला नाही."

बांध कोरणं म्हटल्यावर पारावरची माणसं इकडंतिकडं बघायला लागली. त्या गावात बांधावरून बोलणं तुटलेली भावकी शेजारी-शेजारी बसलेली होती.

गायरानाचं ते बोलणं माझ्या मात्र आत जाऊन बसलं. राहायला कुणी अडवत नाही, पण आडवं कुणी आलं तर तक्रार कुठं करणार? मला वाटलं, माझं जालन्यातलं राहणंच त्या बोलतायत.

पोलीस आणून घराघरांत शिरणं मॅडमना सोपं होतं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "आज भीतीनं काढतील, आपण हसनाबाद ओलांडायच्या आत परत लावतील." आणि आधी कुणी काढायची हा तर मोठाच प्रश्न होता. प्रत्येक जण म्हणत होता, त्याला काढायला सांगा, मी लगेच काढतो. मॅडमनी लाइनमन बबनला बोलावलं. "गावाची डीपी बंद करा."

"दिवसाढवळ्या? मॅडम, लोक मारतेन मला."

"रोज लाइट जाते तेव्हा मारतात का?"

"तवा ती वरून जाती. माझ्यावर येत न्हाई."

शेवटी त्यानं डीपी पाडली, गावाची लाइट गेली. आणि पारावर एकामागोमाग एक फोन वाजायला लागले. ज्याला त्याला अडलेलं सांगायचं होतं. एक बाई सुनेला ओरडून सांगत होती, "लौकर बोल गं, लाइट यायच्या आत सांगून टाक समदं!" सगळे बोलण्यात रंगले तसा मॅडमनी बबनला हात केला. लाइट आली. पारावरचे सगळे एका दमात "हॅलो, हॅलो" करायला लागले, मोबाइल कानावरून काढून बघायला लागले. दांड्या भरलेल्या.

"पाह्यलं?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडात तो एकच शब्द मी इकडचा ऐकला.

तासाभरात मशीन पारावर यायला लागल्या. कुणी टोपल्यात आणली, कुणी टॉवेलात गुंडाळून. सगळ्यांत शेवटी उत्तमराव आले, दोन मशीन घेऊन. "एक दुकानाची, एक घरची," ते म्हणाले, आणि सगळं गाव इतकं हसलं की तेही हसले. मॅडमनी आपणहून जमा केल्याचं लिहून घेतलं आणि गुन्हा कुणावरच घातला नाही.

तिथंच संपायला हवं होतं. पण मॅडमनी यंत्र परत फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. अजून एक आवाज येत होता. बारीक, पाझर तलावाच्या खालून.

तलावाच्या पाळूखाली, म्हणजे मातीच्या भरावाखाली, टेकडीच्या कुशीत एक वस्ती आहे. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता थोडी शेती, थोड्या शेळ्या. बाकीची घरं वर सरकली होती. खाली एकटी गयाबाई राहायची. तिचा मुलगा भागवत तामिळनाडूत, होसूरच्या बाजूला एका कारखान्यात होता. जाताना त्यानंच तिला मशीन बसवून दिली होती, बॅटरीवरची. खोलगटात टॉवरची रेंज उतरतच नव्हती, मशीननं कशीबशी यायची. रोज दिवेलागणीला, गावाची लाइट गेलेली असताना, त्याचा फोन, बाकी दिवसभर शेळ्यांशी बोलणं.

म्हणजे गावाला मशीन काढून फोन मिळणार होता, आणि गयाबाईचा जाणार होता.

मॅडम तिच्या दारात उभ्या राहिल्या. गयाबाईला सगळं आधीच कळलं होतं. तिनं घोंगडी टाकली. "बस बाई. चहा घे."

मला वाटलं आता त्या म्हणतील, आधी पंचनामा. त्या बसल्या आणि चहा घेतला, बिनदुधाचा, गुळाचा.

"माझ्या एकटीच्या मशीननं गाव बहिरं व्हतं का?" गयाबाईनं विचारलं.

"सगळं नाही. पण होतं थोडं. एखाद्या वेळी तेवढ्यानंच कुणाचा तरी फोन अडेल."

"रमासारखा?"

"हो."

गयाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुला लेकरं?"

"नाहीत."

"मालक?"

"नाही."

"मंग तुला कुनाचा फोन येतो गं?"

मॅडमनी कप खाली ठेवला. पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टुलावर चढून ती मशीन स्वतः सोडवली. असलं काम त्या नेहमी दुसऱ्याकडून करून घ्यायच्या. गयाबाई खालून बघत होती. "न्हे," ती म्हणाली. "न्हेऊ नको म्हनत न्हाई म्या. पन आज त्याचा फोन लागला न्हाई तर त्याला काय वाटंल? माय मेली वाटंल. ते तू सांग त्याला."

मॅडम पाळूवर चढल्या आणि तिथून भागवतला फोन लावला. मी मशीनची पेटी घेऊन मागं उभा होतो. आपण कोण, काय केलं, सगळं त्यांनी सांगितलं. पलीकडचा माणूस चिडला असावा. मॅडम मधूनमधून "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आई बरी आहे. चहा चांगला करते. रोज पाळूवर चढणं तिच्या गुडघ्यांना जमणार नाही. मी बघते."

हे 'मी बघते' सरकारी माणूस रोज म्हणतो. मॅडमनी मात्र ते धरून ठेवलं. पुढं जालन्याचा दौरा कुठल्याही कामाचा असो, त्या हात वर करून म्हणायच्या, "देवराम, खोलगटात." तिथं जाऊन त्या रेंज मोजायच्या. रेंज नसायची. नसल्याचं लिहून घ्यायच्या आणि कंपनीला पाठवायच्या. कंपनीचे साहेब एकदा विश्रामगृहावर आले. व्हरांड्यात मी पाणी पीत होतो, आतलं ऐकू येत होतं. साहेब गोड आवाजात म्हणत होते, "मॅडम, एका म्हातारीसाठी खांब उभा करायचा? आम्हालाही वर उत्तर द्यावं लागतं. अख्खा तालुका आम्ही कव्हर केलाय."

मॅडम म्हणाल्या, "पट्टा घेतलात तेव्हा फक्त उंचवटे घेतले होते का? खोलगटही तुमच्याच नावावर आहे. तिची मशीन मी काढली, कारण बांध तुमचा होता. आता बांधाच्या आतलं शेत पडीक ठेवायचं नाही."

ते हसून गेले. मॅडमच्या वरच्या साहेबांनीही त्यांना एकदा झापलं म्हणे, इतर कामं पडलेली असताना हे काय चाललंय म्हणून. त्या दिवशी गाडीत भोकरदन मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "नियम मी पाळायला लावला देवराम. तो बरोबर होता. मग मला झोप का येत नाही?" मी गाडी सावकाश चालवली.

मधल्या काळात गयाबाई काठी टेकत पाळूवर चढायची. जमेल त्या दिवशी. पावसाळ्यात पाळू निसरडी झाली आणि ते थांबलं. त्या बाजूचं भाडं मिळालं की मी तिला भेटून यायचो आणि भागवतला वरून फोन करून सांगायचो, काही झालं नाही म्हणून.

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा खांब उभा राहिला नव्हता. शेवटच्या दौऱ्यानंतर मी त्यांना जालना स्टेशनला सोडलं. पेटी खात्यात जमा झाली होती, हातात एक पिशवी होती फक्त, आणि त्यामुळं त्या एकदम लहान दिसत होत्या. मला कितीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, सीट बराबर बघून बसा." त्या म्हणाल्या, "तुम्ही आईला फोन करत जा." गाडी हलली. मी फलाटावर उभा राहिलो, आणि हे शहर मला पहिल्या दिवसाइतकं परकं वाटलं.

आता मॅडम नाहीत. झोपेतच गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामवालीनं दार वाजवलं तेव्हा समजलं, असं त्यांच्या ऑफिसातल्या शिपायानं मला बऱ्याच महिन्यांनी फोनवर सांगितलं. ऐकून मी गाडी कडेला घेतली आणि नुसता बसून राहिलो. मला जाता आलं असतं असं नाही. कोणत्या नात्यानं जाणार होतो? पण त्या गेल्या असं वाचलं-ऐकलं की माणूस त्यांना एकटंच बघतो, बंद दाराआड. मला ते नको आहे. म्हणून त्या जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो.

त्या वेळी मी हसनाबादला भाडं सोडून परत येत होतो. पाळूवर काहीतरी नवीन दिसलं म्हणून वळलो. बारका लोखंडी खांब, वर पांढरा डबा, तोंड खोलगटाकडं. मॅडमनी जाता जाता वरच्या कुणा साहेबाकडं कागद लावला होता कोण जाणे. तो खांब कंपनीनं उभा केला होता, परवान्यासकट. मी खाली गेलो. गयाबाई चुलीपुढं पीठ मळत होती. मोबाइल शेजारी पाटावर, त्यावर दांड्या.

"भागवतचा आल्ता दोनदा आज," ती म्हणाली. "तू बस. त्या बाईला लाव."

मी घाबरलो. नंबर होता माझ्याकडं, पण मी आपणहून कधी लावला नव्हता. रिटायर झालेल्या साहेबांना ड्रायव्हरनं कशाला त्रास द्यायचा? त्यांना आठवेन का मी? गयाबाई पिठाचे हात झटकत म्हणाली, "लाव की रे! खातीय का ती?"

मी तिच्याच फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू केला. दोनच रिंग झाल्या.

"निमगावकर बोलते. काय तक्रार आहे?"

खुर्ची सोडून इतके महिने झाले होते. गयाबाई फोनकडं वाकली.

"तक्रार? कायची तक्रार? म्या गया बोलून राह्यली. तलावाखालची. जेवलीस का?"

पलीकडून बारीक आवाज आला. "अजून नाही."

"दिवे लागले की! कवा करशीन?"

"एकटीसाठी काय करायचं गयाबाई. दूध-बिस्किट घेते कधीकधी."

"एकटीसाठी म्हंजी? म्या काय जत्रंसाठी थापून राह्यली भाकरी? ऊठ बिलकुल. तवा ठेव. म्या हाय इथं, कुठं जात न्हाई."

फोन बंद कसा करायचा ते गयाबाईला येत नव्हतं, आणि मी केला नाही. तिनं तो पाटावर ठेवला आणि भाकरी थापायला लागली. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नळाचा. डब्याचं झाकण. गॅस पेटवल्याची टिकटिक, दोनदा. मी उंबऱ्यावर बसून होतो. इकडं चुलीवरची भाकरी उलटली, तिकडं लाटणं फिरत होतं.

गयाबाई निखाऱ्यावर भाकरी उभी करत म्हणाली, "फुगली का गं?"

"पोळी आहे माझी."

"असू दे ना. फुगली का?"

फोनमधून चिमट्याचा आवाज आला.

"फुगली," मॅडम म्हणाल्या.